दोन बोटं आत

ओलिंतो फेर्दानीला गाडी चालवता येत नव्हती आणि मला रविवारी दुपारी काही उद्योग नसायचा. आमची संगत एवढ्यावरच जमली. मी आठवडाभर पावाची गाडी घेऊन डोंगरातल्या अकरा गावांना पाव पोचवायचो. तो दगडाचा गवंडी होता. विटांची कामंही घ्यायचा, पण नाक मुरडून. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली, जेवणं झाली, की तो माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा. हातात खराटा, खांद्याला पिशवी, पिशवीत चेस्टनटच्या पिठाचा पाव आणि मेंढीचं चीज. "निघायचं ना?" एवढंच विचारायचा. कुठे, ते गाडीत बसल्यावर सांगायचा.

आमच्या माग्रा खोऱ्यात टेकडी म्हटली की तिच्यावर किल्ला असायचाच. एखाद्याचा बुरूज शाबूत, एखाद्याचा नुसता एक कोपरा उभा आणि त्यात अंजिराचं झाड. आम्हाला त्याचं काही कौतुक नव्हतं. शेळ्या कोंडायला, सरपण रचून ठेवायला आणि लग्न ठरलेल्या पोरापोरींना चार घटका बोलायला, यापलीकडे किल्ल्याचा उपयोग नाही. घर बांधताना दगड कमी पडले तर तेही तिथूनच यायचे. माझ्या दाराशेजारी बाण सोडायच्या झरोक्याचा एक दगड बसवलेला आहे. माझी बायको त्याच्या फटीत छत्री उभी करायची.

ओलिंतो किल्ले बघायला जायचा म्हणजे वर चढून खोरं बघायला नाही. त्याला भिंत बघायची असायची. तीही दुपारी चारनंतर, ऊन आडवं पडतं तेव्हा. पहिल्यांदा मला घेऊन गेला तो आमच्याच गावच्या, मोंतेफोस्काच्या किल्ल्यावर. पूर्वेच्या तटाचा दक्षिणेकडचा कोपरा खराट्यानं झाडला, शेवाळ काढलं आणि मला जवळ ओढलं.

"हे टाकीचे ओरखडे बघ. कसे चाललेत?"

"वरून खाली."

"अरे, ते गाढवालाही कळेल. कुठल्या अंगाला?"

मी पाहिलं. बाकीच्या दगडांवरचे ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरत होते. त्या कोपऱ्यातल्या दगडांवरचे उलटे, डावीकडून उजवीकडे.

"दगड उलटा बसवला असेल," मी म्हणालो.

"दगड उलटा केलास तरी कल तोच राहतो. घरी जाऊन पाटीवर रेघा मारून बघ. हा माणूस डावखुरा होता."

"कोण माणूस?"

"ज्यानं हा कोपरा घडवला तो. सहाशे वर्षं झाली असतील, जास्तच."

मी घरी जाऊन कागदावर रेघा मारून पाहिल्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ओलिंतोला हा डावखुरा सव्विसाव्या वर्षी सापडला होता, फादरसाठी किल्ल्याच्या खालच्या दाराची दुरुस्ती करताना. तेव्हापासून खोऱ्यातल्या प्रत्येक पडक्या किल्ल्यात तो त्याचे दगड शोधत होता. मी गाडीवाला म्हणून त्यात आलो तेव्हा तो चाळिशीचा होता. पुढची वीस वर्षं आम्ही फिरलो. काटेरी झुडपं, घसरडे उतार, पायऱ्या नसलेले जिने. एकदा पाण्याच्या टाक्यात माझा पाय गेला आणि महिनाभर पाव माझ्या मेहुण्यानं वाटला. एवढं करून डावखुऱ्याचे दगड सापडले चार किल्ल्यांत.

त्या चार ठिकाणांवरून ओलिंतोनं त्याचं बरंच काही ठरवून टाकलं होतं. माणूस उतावळा, दगडाची खालची कड नेहमी अर्धवट सोडायचा. कोपऱ्यांचं काम त्याच्याकडेच द्यायचे, म्हणजे मान होता. चौथ्या किल्ल्यात ओरखडे आखूड आणि उथळ आहेत, म्हणजे तिथे येईपर्यंत म्हातारा झालेला. मला नुसता दगड दिसायचा. पण मी वाद घालत नसे.

वाद त्याची बायको नीवेस घालायची. ती तोंडानं फटकळ आणि मनानंही तशीच. "माझ्या भावाला बायांनी नादी लावलं," ती मला म्हणायची, "आणि याला मेलेल्या गवंड्यानं. बाई असती तर निदान जाऊन तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या."

"तुझ्या स्वयंपाकघराची भिंत बघ आधी," ओलिंतो म्हणायचा.

"काय झालं तिला?"

"काही नाही झालं. तेच सांगतोय. मी बांधलीय."

पाचवा किल्ला सापडला तेव्हा त्याची फसगत झाली. नदीपलीकडे ग्रोप्पो नावाची टेकडी आहे. तिथल्या बुरुजाच्या एका कोपऱ्यावर त्याला उलटे ओरखडे दिसले आणि तो हरखला. डावखुरा नदी ओलांडून गेला होता, म्हणजे पलीकडच्या जहागीरदाराकडे कामाला लागला असणार, असं त्यानं सगळं जुळवलं. दोन वर्षं दर महिन्याला तिथे जाणं चाललं. मग एका रविवारी खालच्या घरातली म्हातारी काठी टेकत वर आली. तिला वाटलं आम्ही तिच्या कोंबड्या बघायला आलोय.

"कोपऱ्यात काय बघता एवढं?" तिनं विचारलं.

ओलिंतोनं तिला अदबीनं सगळं सांगितलं.

म्हातारी हसायला लागली. "अहो, तो कोपरा वीस सालच्या भूकंपात खाली आला होता. माझ्या बापानं परत रचला. अर्धे दगड फुटले होते, ते त्यानं नवे घडवले. डावखुरा होता तो. शाळेत फादर मारायचे त्याला, तरी सुधारला नाही."

ओलिंतोनं पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. मग खराटा उचलला.  येताना पूल संपल्यावर म्हणाला, "कुठे एक खूण नाही. साल नाही, काही नाही. दोन वर्षं मी दुसऱ्याच माणसामागे हिंडलो." त्या दिवशी पिशवीतला पाव तसाच परत गेला.

नंतर दोन-तीन वर्षांनी, शहाण्णवच्या मार्चमध्ये, मोंतेफोस्काच्या किल्ल्याचा पूर्वेचा तट कोसळला. तटाच्या पोटात पाणी मुरलं होतं, थंडीत ते गोठून फुगलं आणि बर्फ वितळलं तशी भिंत बसली. आठ मीटर रुंद खिंडार पडलं. सुदैवानं खालच्या वाटेवर कुणी नव्हतं. डावखुऱ्याचा कोपरा शेजारीच होता; तो वाचला, पण त्याला लागून असलेले त्याचे पुष्कळ दगड खाली आले, काही फुटले.

सरकारी मंजुरी यायला सहा महिने गेले. काम समुद्राकाठच्या एका कंत्राटदाराला मिळालं. त्याच्याकडे माणसं होती, यंत्रं होती, पण हातानं दगड घडवणारा कुणी नव्हता. तो गावात चौकशी करत आला आणि लोकांनी त्याला थेट ओलिंतोच्या अंगणात आणून सोडलं. ओलिंतो तेव्हा साठीला आला होता. त्यानं एकच अट घातली, "भिंतीला मीच हात लावणार. तुमच्या माणसांनी चुना कालवायचा आणि दगड वर चढवायचा."

पुढच्या एप्रिलपासून तो परांचीवर होता. कामगारांना पाव द्यायला मी रोज अकराला जायचो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. खाली पडलेले दगड त्यानं अंगणात मांडले, कोण कुणाशेजारी बसत होता ते जुळवून पाहिलं. पत्ते लावावेत तसे. फुटलेल्यांच्या जागी त्याच जुन्या खाणीतून दगड आणवला. आणि मग मी पाहिलं की नवे दगड घडवताना हातोडा त्याच्या डाव्या हातात होता.

"हे काय?" मी म्हणालो.

"हळू बोल."

"तू तर उजवा."

"हिवाळाभर शेडमध्ये सराव केलाय. सहा महिने लागले. दोनदा अंगठा ठेचला. नीवेसला वाटलं मला वात झाला." त्यानं एका दगडाची खालची कड मला दाखवली. तीही अर्धवट सोडली होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला भिंत पूर्ण झाली. आठ मीटर रुंद, सहा मीटर उंच. कुठे सांधा दिसेल तर शपथ. वीस वर्षं भिंती बघून थोडंफार मलाही कळायला लागलं होतं, तरी खिंडार कुठे होतं ते मी सांगू शकलो नसतो.

मग पुरातन वास्तूंच्या कार्यालयातल्या आर्किटेक्टबाई तपासणीला आल्या. मार्झिया कोर्रादी त्यांचं नाव. चाळिशीच्या आत-बाहेर, पायात चिखलाचे बूट, बोलायला साध्या. आधीही दोनदा येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा काम पायाशीच होतं. आज परांची चढून वर गेल्या. मी पावाच्या टोपल्या घेऊन खालीच होतो.

"मिस्त्री, पडलेला भाग कुठून सुरू होतो?" त्यांनी विचारलं.

ओलिंतोनं टोपी मागे सारली. "तुम्हीच सांगा, आर्किटेक्टबाई."

त्यांच्याकडे फोटो होते, पण त्यांनी ते पिशवीतून काढले नाहीत. खडू घेतला आणि भिंतीवरून हात फिरवत वीस दगडांवर फुल्या मारल्या. "हे नवे."

ओलिंतोनं एकेक बघितलं. "नऊ बरोबर. अकरा चूक. ते अकरा माझ्या खापरपणजोबाच्या आधीचे."

खाली कंत्राटदाराची माणसं खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. एका फुलीजवळ वाकल्या, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग शेजारच्या दगडावरून.

"तुम्ही डावखुरे आहात?"

"नाही."

"मग हे?"

"शिकलो."

त्या परांचीच्या फळीवर बसल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, इतकं चांगलं काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. आणि हे मला मंजूर करता येणार नाही. नवे दगड काढावे लागतील."

"काय?"

"जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. कागदात लिहिलं होतं. नवं काम जुन्याहून जरा आत घ्यायचं, वेगळं दिसेल असं करायचं."

"कागद कंत्राटदाराकडे असतात. मला कुणी वाचून दाखवला नाही." हे खरं होतं. कंत्राटदार बुटाच्या नाडीशी खेळायला लागला. "आणि बघणारा कोण? शेळ्या?"

"कुणीही. शंभर वर्षांनी येईल तो."

"शंभर वर्षांनी येणाऱ्याला म्हणावं, भिंत उभी आहे, आभार मान."

"तो आभार मानायला येणार नाही. भिंत वाचायला येईल. आणि तुम्ही त्याला खोटं सांगून ठेवलंय."

ओलिंतोचा चेहरा लाल झाला. मी मध्ये बोलायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "ओलिंतो, तो ग्रोप्पोचा कोपरा…"

"ब्रुनेरो," तो वरून ओरडला, "तू पाव वाट!"

हत्यारं फडक्यात गुंडाळून तो खाली उतरला आणि सरळ घरी गेला. बाई वरच होत्या. त्यांनी मला ग्रोप्पोचं काय ते विचारलं. मी म्हणालो, ते त्याचं त्यालाच विचारा, मी पाववाला माणूस.

तीन दिवस तो कामावर आला नाही. मी पाव द्यायला त्याच्या घरी गेलो तर नीवेस दारात उभी.

"शेडमध्ये बसलाय. टाक्यांना धार लावतोय. धार असलेल्या टाक्यांना! जेवायला हाक मारली तर म्हणतो, भूक नाही. मी विचारलं, त्या बाईनं असं काय सांगितलं? तर म्हणतो, तिचं बरोबर आहे. मग चेहरा कशाला असा सुतकी? तर म्हणे, बरोबर आहे म्हणूनच."

चौथ्या दिवशी अकराला मी गेलो तेव्हा तो परांचीवर होता. सगळ्यात वरचा थर पहारीनं उचकटत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताजा आहे का पाव?" मी म्हणालो, रोज ताजाच असतो. त्यावर आमचं भांडण मिटलं.

डाव्या हातानं घडवलेले एकूण त्रेसष्ट दगड होते. प्रत्येक त्यानं खाली आणला, अंगणात उताणा ठेवला आणि त्याचं तोंड दोन बोटं तासून काढलं, या वेळी उजव्या हातानं. ओरखडे आता त्याच्या स्वतःच्या हाताच्या कलानं उतरत होते. खालची कडही पुरी केली. मग जागच्या जागी परत बसवला, मागची पाठ आधी होती तिथेच ठेवून. त्यामुळे तोंड आपोआप दोन बोटं आत गेलं. त्यातल्या एकावर, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, त्यानं साल कोरलं: १९९७. नाव कोर, असं कंत्राटदार म्हणाला. ओलिंतो म्हणाला, साल पुरे.

हे सगळं करायला सात आठवडे लागले. एकदा दुपारी तो अंगणात बसून चीज खात होता तेव्हा मी त्याला विचारलं, कसं वाटतं म्हणून. मला उत्तराची अपेक्षा नव्हती.

"पहिले दहा-बारा दगड हात उचलत नव्हता," तो म्हणाला. "मग सवय झाली. मग बरंही वाटलं. दुसऱ्याची मिशी लावून हिंडत होतो, ती काढल्यासारखं." आणि चीजचा उरलेला तुकडा मला दिला.

गावाला ते आवडलं नाही. ऊन वरून आलं की त्रेसष्ट दगडांवर सावलीच्या रेघा पडायच्या आणि भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसायची. बारमध्ये त्याची टर उडवायचे. "ओलिंतो, भिंतीला पोट आत घ्यायला लावलंस, आता स्वतःचंही घे." पोस्टमन तेओबाल्दो तर रोज विचारायचा, "दात कधी बसवणार?" ओलिंतो पत्ते पिसत राहायचा. सरपंच जास्त चिडले होते. त्यांना किल्ल्याचा फोटो गावाच्या माहितीपत्रकावर छापायचा होता. शेवटी त्यांनी पश्चिमेकडून काढलेला छापला.

उद्घाटन पुढच्या मे महिन्यात झालं. बँड आला, फादरनी पाणी शिंपडलं, टेबलांवर भाजलेलं डुक्कर आणि वाइन मांडली. सरपंचांनी कार्यालयाचे आभार मानले, कंत्राटदाराचे मानले, बँडचे मानले आणि कागदाची घडी घातली. तेवढ्यात मागून नीवेसचा आवाज आला.

"आणि भिंत काय, शीळ घातल्यावर आपली आपण उभी राहिली?"

लोक हसले. सरपंचांनी कागद पुन्हा उघडला, त्यात नाव नव्हतं, मग ते तोंडपाठ असल्यासारखे म्हणाले, "आणि अर्थात, आपले ओलिंतो फेर्दानी." टाळ्या पडल्या. ओलिंतो तेव्हा टेबलाआड वाइनच्या पिंपाची गळती बघायला वाकला होता. तो उठलाच नाही.

मार्झियाबाई त्या दिवशी त्याच्या शेजारी जेवायला बसल्या. दोघं बराच वेळ बोलत होते. बहुतेक ग्रोप्पोबद्दल, कारण तो पुन्हा पुन्हा टेबलावर बोटानं तिरप्या रेघा ओढत होता. त्यानंतर महिन्याभरानं त्याला बाईंचा फोन आला. पलीकडच्या खोऱ्यात एका बुरुजाचा घुमट उतरवायचा होता. पुढची चार वर्षं तो असल्याच कामांवर होता. सकाळी सहा वाजून दहाच्या बसनं जायचा, संध्याकाळी परत. त्यानं लावलेला प्रत्येक नवा दगड दोन बोटं आत आणि एकावर साल. तिथल्या गावांतही लोक कुरकुरायचे. आता त्याला त्याची सवय झाली होती. रविवारचं आमचं फिरणं कमी झालं; आठवडाभर किल्ल्यात काढलेल्या माणसाला रविवारी किल्ला नको वाटायचा. आम्ही पत्ते खेळायचो.

नंतर त्याचा खुबा गेला. आमच्या गावात घराघराला पायऱ्या आणि बाजाराला आणखी पायऱ्या. नीवेसनं महिनाभर आरडाओरडा केला आणि मग दोघं खाली नदीकाठच्या शहरात मुलीकडे राहायला गेली, चार मजली इमारतीत, लिफ्टच्या सोयीसाठी. मी पावाची गाडी विकली. गुरुवारी बाजाराच्या बसनं मी त्याच्याकडे जातो. नीवेस सूप वाढते आणि मी किती बारीक झालोय ते सांगते, दर वेळी.

गेल्या गुरुवारी गेलो तर तो बाल्कनीत उभा राहून काठीनं वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा तळ ठोकत होता.

"ऐक," तो म्हणाला. "पोकळ वाजतंय. गिलावा सुटलाय. मालकाला दोनदा सांगितलं."

"मग?"

"म्हणतो, रंग मारून देतो."

वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून ओरडली, कोण ठोकतंय म्हणून. ओलिंतोनं काठी खाली घेतली, मला खूण केली आणि आम्ही दोघं गुपचूप आत जाऊन सूप प्यायला बसलो.